बदलीचे बोलावणे

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

तुझ्या भावोजींचे आशीर्वाद. पाकिटावरचे अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता बाजूला ठेवले असशील, तर ते उचलून फोडावेस, अशी विनंती पत्राच्या आतून करण्यात अर्थ नाही, हे मला कळते. तरीही करतो.

अकरा वर्षांत मी तुला लिहिले नाही. फोन करावा असे मनात आले होते. पण फोनवर माणसे वाक्य पूर्ण करू देत नाहीत, आणि अर्धवट वाक्यांनी आपल्या घराचे पुरेसे नुकसान आधीच केले आहे.

इकडे सर्व ठीक आहे. तुझी ताई नेहमीसारखीच आहे. सकाळी सात वाजता ती फोन घेऊन बसते. वॉर्डात एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज एक फोन करायचा, ही तिची टूम तू गेल्यानंतरची आहे. 'उठलात का? गोळी घेतलीत का?' एवढेच विचारायचे. दोनदा फोन उचलला गेला नाही, तर शेजाऱ्याने किल्ली घेऊन धावायचे. त्यानंतर ती सरकारी दवाखान्यात जाते. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कोणत्या खिडकीवर द्यायचे, हे ती दुपारपर्यंत दाराशी उभी राहून लोकांना सांगते. पगार नाही, खुर्चीही नाही. गटारे तुंबली की वॉर्ड ऑफिसात तीच, मतदानाच्या दिवशी चाकाच्या खुर्च्या ढकलायला तीच. संध्याकाळी सभागृहात तालीम. काल परतल्यावर ती चपलांसकट पलंगावर आडवी झाली आणि तशीच झोपली. चपला मी काढल्या. तिला कळले नाही.

मंडळ नवे नाटक बसवत आहे. दिग्दर्शक अर्थातच पोस्टमास्तर. नोकरीतून निवृत्त झाले, तरी नटाच्या पाठीवर शाबासकी देताना ते अजून शिक्का मारल्यासारखाच हात मारतात. मी पूर्वीप्रमाणेच पडद्याआड पुस्तक धरून बसतो आणि कोणी वाक्य विसरले की ते पुरवतो. नाटक एका लॉजच्या मालकिणीचे आहे. ती भूमिका तुझ्या ताईकडे आहे. तिन्ही अंकांत ती रंगमंचावरून जवळजवळ हलतच नाही. प्रयोग वीस मार्चला आहे.

आता मुद्दा. या भूमिकेसाठी एक बदली हवी आहे. महिनाभर येऊन तालमींना उभी राहशील का? मंडळाचा नियम तुम्ही दोघी बहिणींनीच केला होता, तेव्हा तो तुला सांगणे हास्यास्पद आहे. तरी लिहितो, कारण पोस्टमास्तर हल्ली तो सर्वांना चुकीचा सांगतात. गैरहजर नटाची वाक्ये म्हणे 'हळू' बोलायची. हळू नव्हे, कोरी! शब्द पूर्ण आणि स्पष्ट, पण आवाजात राग नाही, रडू नाही, हात खाली. ज्याची भूमिका आहे, त्याचीच ती राहावी. बदलीने तिच्यावर आपली बोटे उमटवू नयेत. तालीम कोणावाचून अडू नये आणि कोणाचे काही हिरावलेही जाऊ नये, यासाठी इतका न्याय्य नियम मी दुसऱ्या कोणत्याही संस्थेत पाहिलेला नाही.

तुझ्या ताईचा घसा हल्ली अधूनमधून बसतो. हवा कोरडी आहे. विशेष काही नाही.

तुझ्या यजमानांना नमस्कार. उत्तराची वाट पाहतो.

तुझे
भावोजी


१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

तुझे कार्ड पोहोचले. 'भावोजी, कोरं बोलायला दुसरी कोणी बघा. तुमच्या मंडळातलं कोरं बोलणं मी एकदा ऐकलं आहे.' दोनच वाक्ये, पण दोन्ही पूर्ण. मला राग आला नाही.

तू काय ऐकलेस, ते मीही ऐकले होते. तुझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तू गावी त्यांच्या उशाशी होतीस, आणि तुझ्या जागी ताई उभी राहत होती. कित्येक दिवस ती कोरे बोलली. मग एका गुरुवारी बोलली नाही. तिने ती भूमिका केली. सबंध प्रवेश, हात, डोळे, रडू, सर्व काही. नेमकी तू त्याच संध्याकाळी कोणाला न कळवता परत आलीस आणि पिशवी खांद्यावर घेऊन मागच्या दारात उभी राहिलीस. पोस्टमास्तरांनी "हेच! मला हेच पाहिजे होतं!" म्हणून टाळी वाजवली. तुझी भूमिका तुझ्या डोळ्यांदेखत गेली. मी पुस्तक धरून बसलो होतो. यावर आज निकाल देण्याचा माझा विचार नाही.

मागच्या पत्रात मी हवेला दोष दिला. हवेचा काहीही दोष नाही.

तुझ्या ताईचा आवाज चार महिन्यांपासून बसलेला आहे. मी आग्रह केला, रुसलो, एकदा तर जेवलो नाही. तेव्हा ती डॉक्टरकडे आली. डॉक्टर तुझ्या लेकीच्या वयाची आहे. नळी घालून पाहिल्यावर ती म्हणाली, "काकू, स्वरयंत्रावर गाठ आहे. ती काढायची आणि तपासायला पाठवायची. लवकरात लवकर."

"वीस मार्चनंतर चालेल?"

"काकू, ही काय नळदुरुस्ती आहे का, पुढच्या महिन्यात या म्हणायला?"

"बाळ, आमच्या वॉर्डात नळदुरुस्तीलासुद्धा तीन अर्ज लागतात. हे त्या मानानं फारच घाईचं चाललंय."

डॉक्टर हसली नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, यांना तोपर्यंत बोलू देऊ नका. कुजबुजूसुद्धा देऊ नका. कुजबुज जास्त वाईट." मी तिला विचारले, की शस्त्रक्रियेनंतर आवाज पूर्वीसारखा होईल का. ती म्हणाली, गाठ कशाची आहे, हे कळल्याशिवाय ती काहीच सांगणार नाही. मात्र जितका उशीर, तितका आवाज कमी. ताईने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. मग आम्ही बाहेर आलो आणि दारातच एका आजोबांना तिने ओरडून सांगितले, "अहो आजोबा, एक्स-रे तिकडे नाही, जिन्याखाली!"

मी पाटी आणि खडू आणले. ती पाटीवर लिहीत नाही. पाटीवर लिहिलेले फोनवरच्या म्हाताऱ्यांना ऐकू जात नाही, असे तिचे म्हणणे आहे.

भूमिका दुसऱ्या कोणाला दे, असे मी तिला सांगितले. ती कपडे वाळत घालत होती.

"कोणाला देऊ? बँकेतलीला?" नाटकात मुलीचे काम करणारी ही मुलगी बँकेत कॅशियर आहे. "ती रडताना हसते."

"मग कोणाला जमेल?"

तिने एक चादर पूर्ण झटकून दोरीवर टाकली. मग म्हणाली, "धाकटीला जमलं असतं."

तेवढ्यावरून मी तुला पहिले पत्र लिहिले. ते लिहिल्याचे तिला ठाऊक नाही. हेही लिहितो आहे, हे ठाऊक नाही.

धाकटे, तू आलीस, तर ती दवाखान्यात जाईल. नाही आलीस, तर वीस मार्चपर्यंत रोज संध्याकाळी तीन अंक बोलेल आणि मग उरलेला आवाज घेऊन डॉक्टरकडे जाईल. म्हणून सुधारून लिहितो. तू कोरे बोलू नकोस. भूमिका पूर्ण कर, प्रयोगही तूच कर. ती तुझीच राहील. पोस्टमास्तरांना मी सांगेन, ऐकतील. माझ्याशिवाय त्यांच्या नोटिसा कोण तपासणार?

थकलो आहे. अक्षर त्यामुळे असे आले आहे.

भावोजी


२ मार्च

चि. धाकटीस,

तू येतेस म्हणालीस. सहा तारखेचे तिकीट काढलेस, तुझ्या अटी लिहिल्यास आणि शेवटी 'ताईला सांगा, तिने गरम पाणी पीत राहावे' असेही लिहिलेस. हे सर्व मी दोनदा वाचले. आणि आता मला तुला असे लिहायचे आहे, की या कामासाठी तू येऊ नयेस.

काय घडले, ते जसे घडले तसे लिहितो. तुझे पत्र आले, तेव्हा मी बाजारात होतो. पाकीट माझ्या नावाचे होते. पण तुझे अक्षर ओळखायला तिला नावाची गरज काय? मी परतलो, तर ती फोडलेले पत्र हातात घेऊन दारातच उभी होती.

"हे काय आहे?"

"पत्र. माझ्या नावाचे."

"ते दिसलं मला. तुम्ही तिला बदली म्हणून बोलावलंत?"

"तूच म्हणालीस, धाकटीला जमलं असतं."

"जमलं असतं म्हटलं. बोलवा म्हटलं का?"

"पाटीवर लिही. डॉक्टरने बोलायला मनाई केली आहे."

"पाटी गेली चुलीत!"

हे ओरडून म्हणायचे तिच्या मनात होते. आवाज निघाला तो ओल्या कापडासारखा.  मग ती चपला ठेवायच्या बाकावर बसली. मी पिशवी खाली ठेवायचे विसरलो.

"अकरा वर्षांत तिला आपण एकदा साधं 'ये' म्हटलं का हो? लेकीच्या लग्नाची पत्रिका पाठवली होती तिनं. गेलो नाही. का? तर रक्तदान शिबिर होतं. आणि आता खड्डा पडल्याबरोबर आठवली. कशाला, तर बुजवायला!"

"तू स्वतः जन्मभर हेच करत आलीस. कोण आले नाही, तू उभी. कोण आजारी पडले, तू उभी."

"म्हणूनच सांगतेय ना. मला माहीत आहे ते कसं असतं. लोक फार गोड बोलतात. ताई, तुमच्याशिवाय कोण करणार? घरी येऊन एकानं तरी विचारलंय, ताई, कशा आहात? येतात ते किल्ली मागायला, नाही तर सही घ्यायला."

मी सोडून कोणी विचारत नाही, हे खरे आहे. आणि मीही बहुधा जेवणाच्या वेळीच विचारतो.

ती पुढे म्हणाली, "आणि त्या गुरुवारचं. सगळे म्हणतात, ताईचं भान हरपलं, वाहून गेली ती. तुम्हीही तेच म्हणता. भान बिन काही हरपलं नव्हतं. मला ते काम हवं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कोरी बोलून तोंड सुकलं होतं माझं. एकदा माझ्या तोंडानं बोलून बघावंसं वाटलं. बघितलं. आणि मग परत द्यावंसंच वाटलं नाही. हे तिला लिहा." मग लगेच, "नाही, लिहू नका. मी सांगेन."

मी काहीही विचारले नव्हते. तरी तिनेच उत्तर दिले. "आवाज नाही राहिला, तर मी लिहीन. तुम्ही नाही."

तिने 'लिहू नका' म्हटल्यावर मी ते लिहिले आहे. हे तुला आणि मला ठाऊक असावे, तिसऱ्या कोणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून फोन लावून घेतला आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरवली: नऊ मार्च. त्यानंतर ती पाटीवर लिहू लागली. संध्याकाळी पोस्टमास्तर आले, तेव्हा तिने पाटी त्यांच्यापुढे धरली. 'प्रयोग पुढे ढकला.'

"ढकला?" पोस्टमास्तर उभेच राहिले. "ताई, आपण आजवर एक प्रयोग ढकललेला नाही! सभागृहात गुडघाभर पाणी शिरलं होतं, तेव्हा टेबलांवर चढून केला आपण! आपल्याकडे बदली असते, ताई. धाकटी येतेय म्हणाले ना हे—"

तिने पाटी पुसली आणि लिहिले, 'बदली नाही.'

"मग दुसरी—"

तिने त्याच दोन शब्दांखाली रेघ ओढली. खडू मोडला.

पोस्टमास्तर खुर्चीत बसले. मग त्यांनी मला विचारले, "मग मी रोज संध्याकाळी काय करू?" हे त्यांनी चेष्टेने विचारले नव्हते. मी त्यांना चहा दिला.

तेव्हा तिकीट रद्द करावेस. तुला दुसऱ्यांदा या मंडळाच्या दारातून परत पाठवताना मला लाज वाटते. या वेळी दारात मी उभा आहे, तुझी ताई नाही. राग आला, तर तो माझ्या नावावर ठेव. तिच्यापाशी सध्या त्याला उत्तर द्यायला आवाज नाही.

भावोजी


४ एप्रिल

चि. धाकटीस,

मागच्या पत्राला तुझे उत्तर आले नाही. मी तुझ्या जागी असतो, तर मीही दिले नसते.

गाठ साधी निघाली. हे सर्वांत आधी लिहायला हवे होते आणि लिहिले आहे. अहवाल हातात आल्यावर मी तो तीनदा वाचला, मग डॉक्टरकडून वाचून घेतला. डॉक्टर म्हणाली, "काका, साधी म्हणजे साधी. आणखी किती साधी हवी तुम्हाला?"

शस्त्रक्रियेच्या दिवशी एक गोष्ट घडली, ती मनातून जात नाही. मी औषधे आणायला गेलो होतो. तुझ्या ताईची दवाखान्याच्या दाराची जागा आता एका तरुण स्वयंसेविकेकडे आहे. तिने ताईला ओळखले नाही आणि चुकीच्या खिडकीवर पाठवले. जिथे ताईने इतकी वर्षे लोकांना वाटा सांगितल्या, तिथेच ती न बोलता चुकीच्या रांगेत उभी राहिली. मी येऊन पाहतो, तर हातात कागद धरून, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत उभी. मी रागावलो, तेव्हा तिने माझ्या तळहातावर बोटाने लिहिले, 'नवीन आहे. शिकेल.'

त्यानंतर पूर्ण मौन. तिच्या म्हाताऱ्यांना सकाळचे फोन मी करावेत, असे ठरले. पहिला फोन घड्याळजींना. घड्याळे दुरुस्त करायचे, म्हणून वॉर्डात त्यांना सगळे घड्याळजीच म्हणतात. मी म्हणालो, "नमस्कार. आज आपली प्रकृती कशी आहे?"  पलीकडून घाबरलेला आवाज, "कोण गेलं?"

कोणी गेलेले नाही, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा बसला. तिसऱ्या दिवशी एका आजींनी स्पष्टच सांगितले, "तुम्ही फोन केलात की मला शाळेत गृहपाठ न करता गेल्यासारखं वाटतं." फोन आता बँकेतली करते. कामावर जाता जाता, बसमधून, भलभलत्या वेळी. म्हातारे तिच्यावर खूश आहेत. तुझी ताई खिडकीशी बसून राहते आणि सात वाजले की तिचा हात आपोआप फोनकडे जातो. फोन आता तिथे नसतो. हात परत मांडीवर येतो. इतकी दमलेली बाई इतकी रिकामी बसलेली मी प्रथमच पाहिली.

मौन संपले, त्या दिवशी डॉक्टरने तिला काहीतरी बोलायला सांगितले. ती बोलली नाही. घरी येतानाही बोलली नाही. मला वाटले, पहिला शब्द जपून ठेवला असावा. मी, खरे सांगायचे तर, थोडा भांग पाडून समोर बसलो होतो.

"दूध उतू चाललंय," ती म्हणाली.

दूध खरोखरच उतू चालले होते. गॅस बंद करून मी परतलो, तर ती स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून बसली होती.

"हा कोणाचा आवाज?" तिने विचारले.

जाडसर आवाज आहे. वाक्याच्या शेवटी विरतो. डॉक्टर म्हणते, आणखी थोडा सुधारेल. पण सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा तो आवाज आता परत येणार नाही. हे ऐकून ती रडली नाही. "बरं," म्हणाली. त्या एका 'बरं'मध्ये मला चाळीस वर्षांचे ओझे जमिनीवर ठेवल्याचे ऐकू आले. सुटकेचे ऐकू आले की दुःखाचे, हे मात्र मला ठरवता आले नाही, आणि तिलाही मी विचारले नाही.

काल पोस्टमास्तर भूमिकेची वही घेऊन आले. घरात शिरल्यावर ती वही त्यांनी पाठीमागे लपवली. ताईने त्यांच्या हातातून काढून घेतली, शेवटचे पान चाळले आणि परत दिली. "बँकेतलीला द्या."

"पण ताई, ती रडताना हसते."

"हसली तर हसू दे. भूमिका तिची आहे."

म्हणजे आता परिस्थिती अशी आहे. भूमिका दिलेली आहे. दवाखान्याच्या दाराशी मुलगी आहे आणि ती हळूहळू शिकते आहे. फोन बसमधून होतात. गटारांचे अर्ज मी लिहितो. वॉर्ड ऑफिसातला कारकून ते वाचून उभा राहतो. तुझी ताई स्वयंपाक करते, दुपारी झोपते आणि संध्याकाळी माझ्याशी पत्ते खेळताना लबाडी करते. ज्या जागेवर तुला उभे करावे, अशी एकही जागा इथे रिकामी नाही. मी शोधून पाहिली. पत्राला काही प्रयोजन असावे, असे मला वाटते, म्हणून शोधली.

आज सकाळी ती म्हणाली, "धाकटीला लिहा, ये म्हणून."

मी कागद घेतला आणि विचारले, "कशासाठी, असे लिहू?"

ती शेंगा सोलत होती. तिने वर पाहिले नाही.

"कशासाठी काय? यायला."

भावोजी